दुसरा भाग, तिसरी पिढी

लहान मुलांच्या सिनेमाचा हिशेब मोठ्यांच्या सिनेमाहून वेगळा असतो. मोठा माणूस एक तिकीट काढून एकटा जाऊ शकतो. सात वर्षांच्या नातवाला तशी सोय नाही. त्याच्याबरोबर आई जाते. गाडी लावायला कुणीतरी हवं म्हणून बाबा जातात. ‘त्याला नेता आणि मला नाही’ असं व्हायला नको म्हणून तेरा वर्षांची थोरली जाते, खरं तर तिला यायचं नसतं. आजी-आजोबांना घरी ठेवून जाणं बरं दिसत नाही म्हणून त्यांना विचारलं जातं, आणि विचारल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तेही निघतात. एका नातवामागे सहा तिकिटं.

हॉलीवूडच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंना हे गणित केव्हाच सुटलं आहे. त्यात त्यांनी हातचे म्हणून मधली वर्षं धरली. ‘फाइंडिंग निमो’ २००३ चा, त्याचा पुढचा भाग ‘फाइंडिंग डोरी’ २०१६ चा. ‘द इन्क्रेडिबल्स’ २००४ मध्ये आला, दुसऱ्या भागाला २०१८ उजाडलं. ‘इनसाइड आउट’ २०१५ चा, दुसरा भाग २०२४ चा. एवढ्या काळात पहिला भाग आईचं बोट धरून पाहिलेली मुलं दुसरा भाग स्वतःच्या पगारातून पाहतात, आणि पहिल्याला आईबाप म्हणून गेलेली माणसं दुसऱ्याला आजी-आजोबा म्हणून हजर होतात. प्रेक्षक तेच, फक्त खुर्च्या बदललेल्या.

पडद्यावरच्या मंडळींना मात्र वय नाही. इकडे तेरा वर्षं सरली तरी निमोच्या समुद्रात जेमतेम वर्ष उलटतं. ‘इन्क्रेडिबल्स’मध्ये तर तेवढंही नाही. पहिला भाग ज्या क्षणी संपला, तिथूनच दुसरा सुरू होतो. खलनायक जमिनीतून वर येतोच आहे, तान्हा जॅक-जॅक तान्हाच आहे. चौदा वर्षं तो खलनायक तसाच अर्धा वर आलेला, आणि इकडे आठ वर्षांचा प्रेक्षक बावीस वर्षांचा होऊन मुलाखतीला कोणता शर्ट घालावा या विवंचनेत. प्रामाणिकपणा दाखवला तो ‘टॉय स्टोरी’ने. १९९५ च्या पहिल्या भागात खेळण्यांशी खेळणारा अँडी २०१० च्या तिसऱ्या भागात सतरा वर्षांचा होऊन कॉलेजला निघतो. त्याला दोन्ही वेळा आवाज दिला तो जॉन मॉरिस यानेच. पहिल्या वेळी तो लहान मुलगा होता, तिसऱ्या वेळी बाप्या. अँडी आपली खेळणी शेजारच्या छोट्या मुलीला देऊन टाकतो, त्या प्रसंगी जगभरातल्या थिएटरांत अनेक बाप्यांच्या डोळ्यांत एकाच वेळी काहीतरी गेलं.

आता पुण्यातलं असंच एक सहा तिकिटांचं कुटुंब घेऊ. दिवस जून २०२४ चे. शाळा उघडण्याच्या तोंडावर, १४ जूनच्या शुक्रवारी ‘इनसाइड आउट २’ लागला. (विदर्भातली मुलं निवांत होती. तिथे शाळा उन्हाची परवानगी घेऊन उघडतात.) हिंदीत रायलीचा आवाज अनन्या पांडेचा आहे, हे आजीने पेपरात वाचलं होतं, त्यामुळे तिला हिंदी खेळ हवा होता. थोरलीने इंग्रजीच हवा म्हणून तोंड पाडलं. शेवटी इंग्रजी ठरला आणि आजीसाठी नातवाने कानात सांगत राहायचं ठरलं. सात वर्षांच्या मुलाचं कानात सांगणं पुढच्या तीन रांगांना फुकट ऐकू येतं, हे नंतर कळलं.

निघण्यापूर्वी मागच्या भागात काय झालं, याची उजळणी होणं भाग होतं. नातवाने सांगितलं की एका मुलीच्या डोक्यात पाच जण राहतात. आजोबांनी, म्हणजे आबांनी, पहिला भाग घरी टीव्हीवर पाहिला होता, पण आरामखुर्चीत, म्हणजे न पाहिल्यातच जमा. “डोक्यात कसे राहतील?” त्यांनी विचारलं. मग बाबांनी नीट सांगितलं: अकरा वर्षांची रायली, वडिलांच्या कामामुळे कुटुंब मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येतं, जुने मित्र सुटतात, नवं घर आवडत नाही, आणि तिच्या डोक्यातल्या आनंद, दुःख, राग, भीती, किळस या पाच जणांची तारांबळ उडते.

“म्हणजे बदली झाली,” आबा म्हणाले. पाटबंधारे खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “मग असंच होतं पोरांचं. सिनेमा कशाला काढायचा त्यावर?”

आजीने पात्रांच्या नावांशी कधी फारसा संबंध ठेवला नाही. तिच्या लेखी ती पिवळी, ती निळी, तो तांबडा, तो जांभळा आणि ती नाक मुरडणारी हिरवी. त्यातली हिरवी तिला पहिल्यापासून आवडायची, कारण ती मुलीला ब्रोकोली खाऊ देत नाही. इथे बाबांनी माहिती पुरवली की जपानमध्ये दाखवताना ब्रोकोलीच्या जागी भोपळी मिरची केली होती, कारण जपानी मुलं ब्रोकोली आनंदाने खातात. आजी विचारात पडली. भोपळी मिरची तर आपल्याकडे पीठ पेरून केली की पोरं बोटं चाटतात. मराठी घरांसाठी त्या ताटलीत काय ठेवावं लागेल, यावर गाडीत चर्चा झाली आणि शेपूची निवड बिनविरोध झाली.

थिएटरच्या दारात तपासणी झाली. आजीच्या पर्समधून चिवड्याची पुडी, दोन बेसनाचे लाडू आणि पाण्याची बाटली निघाली. बाटलीसह सगळं बाहेर ठेवून घेतलं गेलं. “परत देताना मोजून घेईन हं,” आजीने त्या मुलाला बजावलं. आत पॉपकॉर्नची किंमत वाचून आबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. पॉपकॉर्न ही या देशात क्षुल्लक बाब नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला वस्तू व सेवा कर परिषद भरली, तिथे देशभरच्या अर्थमंत्र्यांसमोर पॉपकॉर्नचा खुलासा झाला: मीठ-मसाल्याचं सुटं असेल तर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२ आणि साखरेच्या पाकात घोळवलेलं असेल तर मिठाई समजून १८ टक्के. आबांनी ती बातमी कापून ठेवली आहे. पण त्या दिवशी त्यांच्याजवळ हा आधार नव्हता, त्यामुळे नातवाला मोठा डबा मिळाला.

खुर्च्या मागे कलणाऱ्या होत्या. आबांनी बाजूचं बटण दाबलं तसे त्यांचे पाय आपोआप वर उचलले गेले आणि डोकं मागे गेलं. पूर्वी एवढी सोय फक्त दंतवैद्याकडे होती, असं ते म्हणाले आणि झोपू नये म्हणून पुन्हा ताठ बसले. आजीने शाल काढली. थोरलीने मधे दोन खुर्च्या रिकाम्या सोडून बसण्याचा प्रयत्न केला, पण त्या खुर्च्यांचे मालक आले.

आणि सिनेमा सुरू झाला तो नेमका तिच्यावरच. रायली आता तेरा वर्षांची आहे. एका रात्री डोक्यातल्या टेबलावरचा मोठा लाल दिवा कर्कश वाजू लागतो, कामगार हातोडे घेऊन येतात आणि नव्या पाहुण्यांसाठी जागा करायला तोडफोड सुरू करतात. सकाळी आईने साधं काही म्हटलं तरी पोरगी आधी खेकसते, मग रडते. सहाच्या रांगेत आईने हळूच मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरलीने जॅकेटची टोपी पुढे ओढली. पडद्यावर त्याच वेळी गुलाबी, अवाढव्य ‘लाज’ अवतरली होती आणि टोपीची नाडी ओढून तोंड लपवत होती. नातू खिदळला. त्याला कोपर बसलं.

‘काळजी’ आली तेव्हा आजी सरसावून बसली. केशरी रंगाची, केस ताठ उभे, आणि दोन्ही हातांत सामान. आजीलाही मुंबईला जायचं असलं तर ती गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर असते आणि बरोबर दशम्या, टॉर्च, सुतळी असा सरंजाम असतो. ही केशरी बाई पुढे कहरच करते. रायलीच्या कल्पनाशक्तीच्या मुलखात कारकुनांसारख्या रांगेने चित्रकार बसवून त्यांच्याकडून उद्या काय काय वाईट घडू शकेल याची चित्रं रात्रभर काढून घेते. “बरोबर आहे तिचं,” आजी म्हणाली. “कुणीतरी विचार करायला नको का?” बाबांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की आजीच्या डोक्यातले चित्रकार रुग्णालयापर्यंतची चित्रं पूर्ण करून मोकळे होतात, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एवढ्यात पडद्यावर मध्यंतर झालं. हॉलीवूडच्या सिनेमात मध्यंतर नसतं. ते आपण घालतो, आणि इंग्रजी पात्र वाक्याच्या अर्ध्यात असताना घालतो. ९६ मिनिटांचा सिनेमा म्हणजे आपल्या हिशेबाने अर्धाच खेळ. पण समोसा विकायला वेळ लागतो.

रांगेत उभं असताना बाबांनी आबांना ‘टॉय स्टोरी २’ची हकिकत सांगितली. हिंजवडीत संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला ती येते, कारण नव्या मुलांना घाबरवायला ती बरी पडते. १९९८ साल. सिनेमा बनत होता. स्टुडिओत कुणीतरी संगणकाला नको ती आज्ञा दिली आणि एकेक करून खेळण्यांच्या फायली नाहीशा होऊ लागल्या. टोपी गेली, मग बूट गेले, मग अख्खा नायक वूडी गेला. राखीव प्रत काढणारी यंत्रणा होती, पण ती नीट चालत नाही हे कुणी तपासलंच नव्हतं. तेव्हा सिनेमाच्या तांत्रिक प्रमुख गॅलिन सुसमन यांना आठवलं की आपल्या घरी एक प्रत आहे. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत होत्या. मग दोघं जण गाडी घेऊन गेले, घरचा संगणक पांघरुणांत गुंडाळला, मागच्या सीटवर नीट ठेवला आणि जपून स्टुडिओत आणला.

“बाळंतिणीने वाचवला म्हणायचा,” समोश्यांची ताटली घेत आबा म्हणाले. त्यांनी नोकरीत प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढल्या होत्या, तेव्हा लोक हसले होते. हकिकतीचं शेपूट बाबांनी सांगितलं नाही: एवढ्या आटापिट्याने वाचवलेला तो सिनेमा पुढे स्टुडिओलाच पसंत पडला नाही आणि बहुतेक सगळा नऊ महिन्यांत नव्याने केला गेला. ते कळलं असतं तर आबांनी सरकारी खात्याची आणखी बाजू घेतली असती.

खेळण्यांचा विषय निघाला तशी आजीने मोठीच हरकत घेतली. जिवंत होणाऱ्या बाहुल्याचं त्या अमेरिकनांना काय कौतुक? आपल्याकडे १९९३ मध्येच तात्या विंचू येऊन गेला. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ ‘टॉय स्टोरी’च्या दोन वर्षं आधीचा. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या मागे लागलेला तो बाहुला पाहून त्या वर्षी महाराष्ट्रातली निम्मी पोरं कपाटाचं दार लावून झोपली. त्याचाही दुसरा भाग आला २०१३ मध्ये, तोही थ्रीडीत, आणि त्यात नायक कोण, तर महेश कोठारेंचा मुलगा आदिनाथ. १९९४ च्या ‘माझा छकुला’त जो खरोखरच छकुला होता, तोच. पिढी बदलून दुसरा भाग काढण्याची कला कुणाला शिकवायची गरज नव्हती, असा आजीच्या बोलण्याचा रोख होता. फरक इतकाच की वूडी मुलांच्या उशाशी झोपतो आणि तात्या विंचूला आजही कुणी माळ्यावरून खाली काढत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात मंडळी गंभीर झाली. केशरी बाईने जुन्या पाचांना हद्दपार केलं होतं आणि रायलीला मैत्रिणींपासून तोडून मोठ्या मुलींच्या हॉकी संघामागे पळवत होती. या सगळ्यामागे अभ्यास आहे. बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर दोन्ही भागांना सल्लागार होते. पहिला भाग दिग्दर्शित करणाऱ्या पीट डॉक्टर यांना ती कल्पना सुचली घरातच, त्यांची हसरी-बोलकी मुलगी अकराव्या वर्षी एकाएकी गप्प झाली तेव्हा. याच मुलीने त्याआधी त्यांच्या ‘अप’मध्ये बडबड्या छोट्या एलीचा आवाज दिला होता. म्हणजे बापाने एका सिनेमात मुलीचं बोलणं वापरलं आणि दुसऱ्यात न बोलणं. बाबांनी हे थोरलीला सांगितल्यावर ती म्हणाली, “बाबा, प्लीज तुम्ही काही काढू नका.”

मध्येच एक चष्मेवाली छोटीशी म्हातारी दार उघडून आत येते. ही ‘आठवणींची हुरहूर’. तिला जुने दिवस आठवायचे असतात. बाकीचे तिला घाईने परत पाठवतात: अजून तुझी वेळ झाली नाही, आधी हिला शाळा तरी संपवू दे. तिला आवाज दिलेल्या जून स्क्विब सिनेमा आला तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या. म्हातारी दिसली की थिएटरातले सगळे हसत होते, आजी सोडून. “तिला का हाकलतात सारखे? दोन शब्द बोलू दिले तर काय बिघडतं?” पुढच्या तीन रांगा यावरही हसल्या.

बाबांनी दोनदा फोन पाहिला आणि रायलीला धाप लागली तेव्हा तो खिशात ठेवला. त्यांचा स्वतःचा सिनेमा वेगळाच आहे. तो म्हणजे ‘इन्क्रेडिबल्स २’. त्यात बायको मोहिमेवर जाते आणि आगगाड्या अडवणारा महाबलाढ्य नवरा घरी राहून मुलाच्या गणिताशी झुंजतो, कारण शाळेने गणित करण्याची पद्धतच बदलली आहे. रात्रभर पुस्तक वाचून त्याला एकदाचं उत्तर सापडतं, तेव्हा दाढी वाढलेली असते. हिंदीत त्या बायकोचा आवाज काजोलचा आहे. पहिल्या भागाची हिंदी आवृत्ती ‘हम हैं लाजवाब’, तिच्यात बापाला आवाज शाहरुख खानचा आणि मुलाला त्याच्याच आर्यनचा होता. बाबांना हे पाठ आहे. नातवाच्या वहीतली भागाकाराची नवी पद्धत मात्र अजून पाठ झालेली नाही.

आवाजांची ही वारसदारी आपल्याकडे जुनी आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, त्यात शेरखानच्या जबड्यातून नाना पाटेकर गुरगुरत. २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’ हिंदीत आला, तेव्हाही शेरखान नानाच. तो पाहायला बाबा थोरलीला घेऊन गेले आणि वाघ बोलल्याबरोबर लेकीच्या आधी तेच दचकले.

नातवंडांच्या दृष्टीने आईबाप हा दुसरा भागच असतो. तो सुरू झाल्यावर ती आत आली, त्यामुळे गंभीर चेहऱ्याचा, हप्ते फेडणारा, ‘स्क्रीन बंद कर’ म्हणणारा हा माणूस मुळापासून असाच असावा अशी त्यांची समजूत असते. पहिला भाग पाहिलेले साक्षीदार घरात दोनच, आणि मधली पिढी त्यांना सहसा जाहीर बोलू देत नाही.

त्या दिवशी मात्र सिनेमाने दगा दिला. नावं सरकू लागली तसे आबा जिना उतरायला निघाले. नातवाने त्यांची बाही धरली. नावांनंतर एक तुकडा असतो, तो पाहिल्याशिवाय उठायचं नसतं, हा त्याच्या पिढीचा शिष्टाचार. झाडूवाले आत येऊन थांबले. पडद्यावर रायलीच्या डोक्यातल्या तिजोरीत एक अगडबंब ‘रहस्य’ बसलेलं असतं. सिनेमाभर ते आपलं गुपित फोडत नाही. आता ते कबूल करतं. रहस्य एवढंच, की एकदा गालिचा जळून त्याला भोक पडलं होतं.

“एवढंच?” आजी म्हणाली. “आमच्याकडचं याहून मोठं आहे.”

“आई, चल, गाडी काढायची आहे,” बाबा उठलेच.

पण नातू आणि थोरली दोघंही पुन्हा खाली बसली होती. मग आजीने सांगितलं. साताऱ्याला बदली होती तेव्हाची गोष्ट. मोगलीच्या वेळेला चित्र हलायचं म्हणून एका रविवारी बाबा अँटेना फिरवायला गच्चीवर चढले, आणि तिथे शेजारच्या काकूंनी उन्हात ठेवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी त्यांच्या पायाने खाली गेली. फोडणी पार अंगणापर्यंत. आजीने धावत जाऊन काकूंना सांगितलं की माकडं आली होती.

“म्हणजे माकड बाबा होते?” नातवाने झाडूवाल्यांनाही ऐकू जाईल असं विचारलं.

थोरलीने टोपी मागे टाकली होती आणि ती आपल्या बापाकडे प्रथमच आदराने पाहत होती. बाबा खिशात पार्किंगची पावती शोधत होते. आबा तेवढे हसले नाहीत. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून आठवत होते, आणि मग आजीकडे वळून म्हणाले, “अगं, मी तेव्हा नगरपालिकेला माकडांच्या बंदोबस्तासाठी अर्ज दिला होता. तीन प्रतींत. पोच आहे माझ्याकडे.”